स्वरबत वाजवणारी ती बाई अंजनीबाई नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीनदा आला. पहिल्यांदा आत्याने पाठवला, मग एका जुन्या सहकाऱ्याने, आणि तिसऱ्यांदा पुन्हा आत्यानेच, कारण पहिल्या वेळी मी नुसता अंगठा टाकून गप्प बसले होते. सोबत राजा रविवर्म्याचं एक तैलचित्र. स्वरबत नावाचं तंतुवाद्य घेऊन बसलेली बाई, कोपऱ्यात कुणीतरी चिकटवलेला गुलाब आणि खाली 'शुभ सकाळ'.

मजकूर लांबलचक आहे. त्याचा अर्क असा: चित्रातली ही वीणावादिनी म्हणजे गोव्याच्या सुप्रसिद्ध गायिका अंजनीबाई मालपेकर. रविवर्मा त्यांच्या रूपावर भाळला आणि 1901 ते 1903 या काळात त्याने त्यांना समोर बसवून 'स्वरबत वाजवणारी स्त्री', 'चांदण्यातली स्त्री' (1889), 'भग्नहृदया' (1892) आणि 'मोहिनी' ही चित्रं काढली. आपल्या घरातल्या तसबिरीतल्या सरस्वतीलाही त्यांचाच चेहरा आहे. त्या काळी कुलीन स्त्रिया वाद्याला हात लावत नसत, म्हणून राजाला कलावंतिणीच्या दारात जावं लागलं. रविवर्म्याआधी आपल्या देवांना चेहराच नव्हता. याच चित्राने शिकागोला सुवर्णपदक मिळवलं. गोमंतकन्येला मानाचा मुजरा, पुढे पाठवा.

मुजऱ्याला माझी हरकत नाही. उरलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला आहे.

आधी आकडेमोड. 'स्वरबत वाजवणारी' अंजनीबाई असू शकतात का, हे ठरवायला चित्रकलेतलं काही कळावं लागत नाही, वजाबाकी यावी लागते. अंजनीबाईंचा जन्म 1883 सालचा, गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मालप्याचा. आडनावातच गाव आहे. आणि 'सरबत वाजवणारी तमिळ स्त्री' हे रविवर्म्याचं तैलचित्र मद्रासच्या कलाप्रदर्शनात झळकलं ते 1874 साली. म्हणजे अंजनीबाईंच्या जन्माआधी नऊ वर्षं.

(हो, त्या काळच्या इंग्रजी नोंदींत वाद्याचं नाव 'सरबत' असंच पडलंय. घरच्या ग्रुपवर मी ते तसंच लिहिलं, तर मामेभावाने लगेच विचारलं, "लिंबाचं की कोकमाचं?" तेव्हापासून मी निमूटपणे स्वरबत लिहिते.)

ते चित्र पुढे कुठे गेलं, हेही नोंदलेलं आहे. 1875 साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला, तेव्हा त्रावणकोरच्या महाराजांनी त्याला ज्या भेटी दिल्या त्यांत हे चित्र होतं. तेव्हा रविवर्मा सत्ताविशीचा होता. जन्म 1848, किळिमानूरचा. 1873 साली वेणी गुंफणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासला पदक मिळालं आणि तिथून त्याचं नाव त्रावणकोरबाहेर ऐकू येऊ लागलं. बडोद्याला तो गेला 1881 साली, सयाजीरावांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी. मुंबईत त्याचं बस्तान बसलं ते त्याच्याही नंतर. 1874 साली त्याच्या डोळ्यांसमोर होत्या त्या त्रिवेंद्रमच्या बायका. त्रिवेंद्रमात तमिळ घरंही कमी नव्हती, तेव्हा तमिळ बाई शोधायला त्याला लांब जायची गरज नव्हती. गोव्याच्या, त्यातून अजून न जन्मलेल्या गायिकेपर्यंत पोचायला तर ज्योतिषीच हवा होता.

यावर एक शंका येते, आणि ती रास्त आहे. चित्रकार आवडता विषय पुन्हा पुन्हा रंगवतो, रविवर्म्यानेही वाद्यांसह बसलेल्या स्त्रिया कितीतरी वेळा रंगवल्या. मग एखादी नंतरची स्वरबतवाली अंजनीबाईंना बघून काढली असेल तर? काढली असेलही. पण मग त्या चित्राचं साल सांगा आणि ते चित्र दाखवा. विषय, पोशाख, वाद्य सगळं 1874 ला ठरून गेल्यावर नंतरच्या आवृत्तीत कुणीतरी येऊन बसलं, तर 'हिच्यावर भाळून त्याने हे चित्र काढलं' असं कसं म्हणायचं? तसं म्हणायचं तर ज्या चित्राने नाव झालं, त्यातल्या बाईचं काय करायचं?

आता बाकीची चित्रं. गंमत म्हणजे ती खोडून काढायला बाहेरचा पुरावा लागतच नाही, मजकूर स्वतःच स्वतःला खोडतो. 'चांदण्यातली स्त्री'पुढे कंसात 1889, 'भग्नहृदया'पुढे 1892, आणि त्याच वाक्यात 'ही चित्रं 1901 ते 1903 या काळात काढली'. कंसातली सालं खरी धरली तर चांदण्यात बसलेल्या अंजनीबाई सहा वर्षांच्या होतात आणि हृदय भंगलं तेव्हा नऊ. खोटी धरली तर ती छापलीच कशाला? दोन्ही एका दमात खरी असू शकत नाहीत. हे वाक्य इतक्या ठिकाणी जसंच्या तसं दिसतं की आधी कुणी लिहिलं आणि नंतर कुणी उतरवलं, हे शोधण्यात अर्थ उरलेला नाही. उतरवणाऱ्यांपैकी एकानेही 1883 वजा करून बघितलं नाही, एवढंच कळतं.

'मोहिनी'साठी मी भांडत नाही. 1901 ते 1903 मध्ये अंजनीबाई अठरा-वीस वर्षांच्या होत्या, मुंबईत होत्या, मैफली गाजत होत्या आणि दिसायला देखण्या होत्या हे सगळेच सांगतात. रविवर्म्याचं मुंबईला जाणं-येणं होतं. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते आणि त्यांच्या चित्रांसाठी अंजनीबाई बसल्या असं म्हणतात, तेही वयाच्या हिशेबात बसतं. म्हणजे चित्रकारापुढे त्या कधी बसल्याच नाहीत, असा माझा दावा नाही. ज्या चित्राखाली त्यांचं नाव लावून गुलाब चिकटवलाय, ते त्यांचं नव्हे, एवढाच आहे.

पुढचा शब्द 'वीणावादिनी'. बाईच्या हातात तारांचं वाद्य दिसलं की आपण एक तर वीणा म्हणतो, नाहीतर सतार. स्वरबत दोन्ही नव्हे. ते दक्षिणेतलं, छेडून वाजवायचं वेगळं तंतुवाद्य आहे. त्रावणकोर-तंजावरकडच्या संगीतात त्याला जागा होती, आज ते बघायचं तर संग्रहालयात जावं लागतं. आणि नेमक्या याच कारणाने चित्र कुठलं आहे हे वाद्यच सांगतं. अंजनीबाई भेंडीबाजार घराण्याच्या. आठव्या वर्षापासून उस्ताद नझीर खाँसाहेबांकडे ख्याल शिकलेल्या. त्यांच्या मागे तंबोरा असायचा. त्यांना बसवून चित्र काढायचं, तर चित्रकार त्यांच्या हातात मद्रासेकडचं, मुंबईत कुणी न वाजवणारं वाद्य का देईल? शोभेसाठी दिलं असेल, असं कुणी म्हणेल. पण रविवर्मा या बाबतीत ढिसाळ नव्हता. कुठल्या प्रांतातली बाई कुठलं लुगडं नेसते, अंबाडा कसा घालते, हातात काय धरते, हे दाखवण्याची त्याला हौस होती. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्याचं 1889 चं मोठं तैलचित्र याच हौसेतून आलेलं आहे. त्यात अकरा बायका एकत्र बसल्या-उभ्या आहेत, प्रत्येकीचा प्रांत आणि पोशाख निराळा. केरळची नायर बाई तिथे वीणा घेऊन बसलीय. त्या अकरा जणी अशा एकत्र कधी जमल्या नसतील. पण प्रत्येकीचं तिच्या मुलखाशी असलेलं नातं त्याने राखलं आहे.

आता ते वाक्य, ज्यामुळे मी खरं तर हे लिहायला बसले. 'त्या काळी कुलीन स्त्रिया वाद्याला हात लावत नसत.'

आत्याने याच वाक्यापुढे नमस्काराचे हात टाकले होते. आत्या स्वतः गाणं शिकली. डोंबिवलीत, लग्नानंतर, पदरचे पैसे घालून, सासूबाई दुपारी झोपल्या की. 'कुलीन बायका गात नसत' हे तिने ऐकलं नाही, सोसलंय. त्यामुळे तिला ते पटणारच. पण ही आपल्याकडची गोष्ट झाली. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात, गोव्यात आणि उत्तरेत बैठकीतलं गाणं कलावंतिणींकडे, नायकिणींकडे, तवायफांकडे होतं आणि घरातल्या बाईच्या वाट्याला ओव्या, आरत्या, फार तर भजन. आपण तेच चित्र उचलून त्रिवेंद्रमवर ठेवतो. तिथे तसं नव्हतं. त्रावणकोर-तंजावरच्या सरदार घरांत, ब्राह्मण घरांत मुलीला वीणा शिकवणं हे तिच्या वळणाचंच लक्षण मानलं जाई. त्रावणकोरच्या ज्या आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या आश्रयाला रविवर्मा होता, त्यांच्या पत्नी कल्याणिक्कुट्टी अम्मच्ची संगीत-साहित्याच्या जाणकार होत्या. खुद्द रविवर्म्याचं किळिमानूरचं घर कवी-कलावंतांचं. बाई वाद्य घेऊन बसलीय हे दृश्य त्याला बघायला कुणाच्या कोठ्यावर जावं लागत नव्हतं, ते त्याच्या आप्तांच्या ओसरीवर होतं.

याचा अर्थ ती स्वरबतवाली कुलीन घरातलीच होती, असाही नाही. तमिळ मुलखात देवदासी घराण्यांतून मोठमोठ्या वादक झाल्या. वीणा धनम्मळ त्यांतल्याच, 1867 च्या, म्हणजे स्वरबतचं चित्र झळकलं तेव्हा सात वर्षांच्या. मुद्दा इतकाच की हातात वाद्य दिसलं म्हणून बाईची जात आणि पेशा सांगता येत नाही. चित्राच्या नावात 'तमिळ स्त्री' एवढंच आहे. त्यावर 'कलावंतीण' ही पाटी आपण लावली, आणि मग ती पाटी घेऊन ओळखीची कलावंतीण शोधायला निघालो.

घरातल्या सरस्वतीकडे येऊ. आत्याच्या हॉलमध्ये आजोबांच्या वेळची एक तसबीर आहे. सरस्वती, चार हात, दोन हात वाद्यावर, एकात माळ, एकात पोथी, बाजूला मोर. काचेच्या आत पाण्याचा एक पिवळा ओघळ मोरापर्यंत उतरलाय. खाली बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. मागच्या दिवाळीत मी ती उतरवून पुसली, तेव्हा फोनचा कॅमेरा गालाजवळ नेऊन मोठं करून बघितलं. लांबून जी कांती दिसते, ती जवळून ठिपक्यांची आहे. गुलाबी, पिवळसर, करडे, एकात एक मिसळलेले ठिपके. हनुवटीखाली ते दाट होतात आणि आपल्याला सावली वाटते. ब्रशचा फटकारा कुठेही नाही.

कारण ते रंगवलेलं चित्रच नव्हे. तो ओलिओग्राफ, शिळाछाप. मूळ तैलचित्र बडोद्याला, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात आहे. रविवर्म्याने 1894 साली गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथे जर्मन तंत्रज्ञ असत, आणि त्यांतल्याच श्लायशर यांनी पुढे तो विकत घेतला. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड लागे. मूळ चित्र बघून छापखान्यातला कारागीर प्रत्येक दगडावर त्या त्या रंगाचा भाग हाताने उतरवत असे, आणि मग एकावर एक छाप. तेव्हा आत्याच्या भिंतीवरच्या सरस्वतीचा चेहरा ना कुणा गायिकेचा, ना धड रविवर्म्याच्या हातचा. तो मळवलीच्या कुणा दगडावर काढणाऱ्याने पुन्हा काढलेला आहे. त्या कारागिरांची नावं मला कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसली नाहीत.

बरं, मूळ चित्र धरू. बडोद्याच्या सरस्वतीचं साल 1896 सांगतात. अंजनीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या, आणि त्यांची पहिली जाहीर मैफल व्हायला अजून तीन वर्षं होती. सयाजीरावांनी 1888 साली जी चौदा पौराणिक चित्रं सांगितली आणि जी 1890 पर्यंत पुरी झाली, त्या वेळचं धरलं तर सात. कसंही मोजा, जमत नाही.

'पण सगळ्यांचे चेहरे सारखे कसे मग?' हे आत्याने विचारलंच. सारखे दिसतात, ते खरंय. भरलेला चेहरा, लांब डोळे, किंचित झुकलेली मान. पण ते एकाच बाईला समोर बसवल्याने नाही, एकाच हाताने काढल्याने. रविवर्मा माणसं समोर बसवी, फोटोंचाही आधार घेई, आणि मग आपल्या मनातल्या ठाशीव चेहऱ्याकडे सगळ्यांना वळवी. पार्श्वभूमीतली झाडं-पाणी कित्येकदा धाकट्या भावाच्या, सी. राजराज वर्म्याच्या हातची असत. घरातली माणसं त्याने बिनदिक्कत बसवली. 1893 च्या 'बाबा आले' या चित्रातली तरुण आई त्याची स्वतःची मुलगी महाप्रभा आहे आणि कडेवरचं मूल नातू. म्हणजे समोर कोण बसलं होतं हे जिथे नक्की ठाऊक आहे, तिथे ती कुणी रहस्यमय सुंदरी नसून घरची लेक निघते. पण 'चित्रकाराने मुलीला बसवलं' याला कोण पुढे पाठवणार?

रविवर्म्याआधी देवांना चेहरा नव्हता, हे तर पुणेकरांनी तरी पुढे पाठवू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली 1878 साली, म्हणजे रविवर्म्याच्या छापखान्याच्या सोळा वर्षं आधी. रामपंचायतनापासून देवांची रंगीत शिळाछाप चित्रं तिथून घरोघर गेली. त्याच 1878 साली कलकत्त्यातही आर्ट स्टुडिओ निघाला आणि तिथूनही देवदेवता छापून येऊ लागल्या. त्याच्याही मागे जायचं तर तंजावरची सोनं लावलेली चित्रं, पैठणची चित्रकथी, रागांना माणसांच्या रूपात दाखवणारी रागमाला चित्रं. हरणांमध्ये वीणा घेऊन उभी असलेली तोडी रागिणी शेकडो वर्षं रंगवली जात होती, ती बघून 'स्त्री आणि वाद्य' हा विषयही रविवर्म्याने शोधला असं कुणी म्हणू नये.

आणि खुद्द सरस्वती? मथुरेच्या कंकाली टिळ्यावर सापडलेली जैन सरस्वती कुषाण काळातली, दुसऱ्या शतकातली, आता लखनौच्या संग्रहालयात आहे. डाव्या हातात पोथी. वीणा नाही, ती देवीच्या हातात आली फार नंतर. या मूर्तीचं डोकं मात्र तुटून गेलेलं आहे. 'देवांना चेहराच नव्हता' म्हणणाऱ्याच्या हाती हा एक पुरावा लागला नाही, ते बरंच झालं.

रविवर्म्याने नवं काय केलं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्याच्यावर उगाच उखडलेय असं वाटेल. तैलरंग, उजेड-सावली, वजन असलेलं शरीर, हात लावला तर चुरगळेल असं लुगडं, हे त्याने देवांना दिलं. आणि छापखान्याने ते स्वस्तात जमेल त्याच्या भिंतीवर नेलं. ही कल्पनाही मुळात त्याची एकट्याची नव्हे. तंजावरी मराठी घराण्यातले, बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी 1884 सालीच त्याला पत्र लिहून सुचवलं होतं की चित्रांना एवढी मागणी आहे, तुझ्या दोन हातांनी ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घे. मराठी माणसाला मुजरा करायचाच असेल, तर इथे जागा आहे. मजकुरात नेमके माधवराव नाहीत.

शिकागोचं दोन ओळींत उरकते. 1893 च्या प्रदर्शनात रविवर्म्याने दहा चित्रं पाठवली आणि त्याला दोन पारितोषिकं मिळाली, हे खरं. स्वरबतवाली त्यांत नव्हती, ती केव्हाच युवराजाला भेट गेली होती. आणि 'राजाला कलावंतिणीच्या दारात जावं लागलं' यातला राजा म्हणजे गादीवरचा राजा नव्हे. किळिमानूरचं घराणं त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीचं, एवढंच.

मग उरल्या अंजनीबाई. मजकुरात त्यांच्या गाण्यावर एक ओळ आहे: 'त्या सुप्रसिद्ध गायिकाही होत्या.' त्या 'ही'ला मी बराच वेळ बघत बसले.

आजी गुजाबाई, आई नबूबाई, दोघी गाणाऱ्या. नझीर खाँसाहेब आणि त्यांचे भाऊ मुरादाबादकडून येऊन मुंबईत भेंडीबाजाराजवळ राहिले, म्हणून घराण्याला ते नाव. आकाराने, लांब दमाने गायचं, सरगम आणि मेरुखंडाचा, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट फिरवण्याचा, अभ्यास असलेलं गाणं. ते अंजनीबाईंनी वर्षानुवर्षं घोटलं, सोळाव्या वर्षी मैफलीत बसल्या. 1904 साली आवाज गेला. विशी नुकतीच ओलांडलेल्या गायिकेचा आवाज जाणं म्हणजे काय, हे गाणाऱ्याला विचारावं. तो साधारण वर्षाने परत आला आणि त्या पुन्हा गाऊ लागल्या. 1920 च्या दशकात, गुरू गेल्यानंतर, त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या आणि शिकवत राहिल्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर शिकल्या. कुमारांची तान आणि किशोरीताईंचा आलाप, इतक्या दोन वेगळ्या वाटांवरच्या माणसांना ज्या एका बाईकडे जाऊन बसावंसं वाटलं, तिच्याकडे काय होतं? 1958 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. 1974 साली, एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

एवढ्या लांब आयुष्यातली दोन-तीन वर्षं उचलायची, त्यांत न बसणारी चित्रं बसवायची आणि 'रविवर्म्याची प्रेरणा' म्हणून मुजरा करायचा. बरं, याच्या उलटही होतं. चित्रातली ती तमिळ बाई कोण, याची कुणाला पर्वा राहत नाही. तिला आपण प्रसिद्ध नाव दिलं, म्हणजे तिचं स्वतःचं जे काही असेल ते पुसलं.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. लिहून पाठवलं असतं तर तिने अंगठा टाकला असता. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. वजाबाकी मात्र तिने स्वतः करून बघितली, पलीकडून "चौऱ्याहत्तर... त्र्याऐंशी..." असं पुटपुटणं ऐकू आलं.

मग म्हणाली, "म्हणजे सासूबाई झोपल्यावर शिकण्याचा काळ तिकडे कितीतरी वर्षं आधीच संपला होता म्हणायचा."

मी म्हटलं, "सगळ्यांचा नसेल गं आत्या."

"नसेल. पण ती बसलीय बघ ना कशी. कुणी येईल म्हणून कान दाराकडे नाहीत तिचे."

संध्याकाळी ग्रुपवर तिने चित्र पुन्हा टाकलं. गुलाब तसाच होता. खाली मजकूर नव्हता, फक्त 'तमिळ बाई, 1874'. मामेभावाने त्यावर बर्फ घातलेल्या ग्लासाचं चित्र टाकलं, आणि आत्याने त्याला उत्तर दिलं नाही.